मृत्युपत्र पाहण्याचा वारसाचा हक्क
(इच्छापूर येथे ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



इच्छादेवीच्या या गावी आज इच्छापत्राविषयी बोलण्याचा योग आला आहे. कोणी त्यास मृत्युपत्र म्हणतात, कोणी वसीयतनामा. नाव कोणतेही असो, त्यातून उद्भवणारा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. वडील निवर्ततात. तेराव्यासाठी माहेरी आलेल्या मुलीस सांगण्यात येते, "बाबांनी लिहून ठेवले आहे, तुझ्या नावे काही नाही." कागद मागितला तर भावावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, या संकोचाने ती गप्प राहते. पुढे हक्कसोडपत्र समोर येते आणि न पाहिलेल्या मृत्युपत्राच्या भरवशावर ती सही करते.

मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत ते गुप्त ठेवण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. मुलांनाही ते मागता येत नाही. मृत्यूनंतर मात्र ते कोणा एकाच्या पेटीतील खाजगी वस्तू राहत नाही. चित्रपटात वकील सर्वांना जमवून मृत्युपत्र वाचून दाखवितात. आपल्या कायद्यात असा प्रसंग नेमून दिलेला नाही. म्हणून वारसाने स्वतः मागणी करणे अगत्याचे आहे.

मृत्युपत्र नोंदलेले असल्यास मार्ग सोपा आहे. 1908 च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम 57 अन्वये, मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर कोणीही अर्ज करून व फी भरून त्याची नक्कल घेऊ शकतो. भावाची संमती लागत नाही. अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडावा. मृत्युपत्रांच्या पुस्तकातील शोध मात्र नोंदणी अधिकारीच घेतात. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जमीन इच्छापुरात असली, तरी मुक्ताईनगर, रावेर वा जळगाव येथे मुक्कामी असताना केलेल्या मृत्युपत्राची नोंद तिकडील कार्यालयात झालेली असू शकते. बऱ्हाणपुरात नोंद सापडली नाही, तर तेथेही शोध करवावा. मोहोरबंद लिफाफा जिल्हा निबंधकांकडे, म्हणजे आपल्याकडील जिल्हा पंजीयकांकडे, ठेवलेला असेल, तर निधनानंतर अर्ज केल्यास तो अर्जदारासमक्ष उघडला जातो.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांनी रीतसर साक्षांकित केलेले घरातील साधे मृत्युपत्रही वैध ठरू शकते. असे मृत्युपत्र ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे प्रथम लेखी मागणी करावी. तो दाखवीत नसेल, तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 267 अन्वये ते न्यायालयात हजर करण्याचा आदेश जिल्हा न्यायाधीश देऊ शकतात. मृत्युपत्र कपटाने नष्ट करणे वा दडविणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याच आधारे तहसीलदारांकडे नामांतरणाचा अर्ज झाला असेल, तर वारसाने तेथे हजर होऊन प्रकरणाची नक्कल मागावी. नामांतरण झाल्याने मालकी सिद्ध होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कागद वाचण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मृत्युपत्र खरे असले, तरी हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित जमिनीत वडिलांना केवळ आपलाच हिस्सा त्याद्वारे देता येतो. आणि 2005 च्या दुरुस्तीने अशा जमिनीत मुलीस मुलासारखाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला आहे. मुस्लिम कायद्यानुसार इतर वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. शिवाय मृत्युपत्र खरे असल्याचे शाबीत करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर असतो. ते करण्यात ज्याने पुढाकार घेतला त्यालाच मोठा लाभ होत असेल, तर संशयाचे निरसन त्यानेच केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली सांगितले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे.

शिक्षकांनी अशा भगिनींना अर्ज लिहून द्यावा. कर्मचाऱ्यांनी त्यांना योग्य कार्यालयाची वाट दाखवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, हेही त्यांना सांगावे. आणि बांधवांना माझी विनंती आहे की, बहिणीने मागण्यापूर्वीच तिच्या हाती नक्कल द्यावी. कागद वाचून तिने हक्क सोडला, तर तो तिचा निर्णय होईल. न वाचता केलेल्या सहीस तसे म्हणता येणार नाही.