आजीची वही आणि पाच रेघा : संगीत वाचायला सुरुवात कशी करायची?

आज नोकरी, पगार, इंटरव्ह्यू यातलं काहीच नाही. आज सांगणार आहे, सत्ताविसाव्या वर्षी मी संगीत वाचायला कसा बसलो ते. गायला नाही, वाचायला. गळ्याच्या बाबतीत मी बाथरूमपुरताच मर्यादित आहे.

आधी कारण सांगतो. माझी आजी साताऱ्याला असते. लग्नाआधी तिने गांधर्वच्या परीक्षा दिल्या होत्या, पार विशारदपर्यंत. पुढे ती फक्त घरात गायली. तिचं एकही रेकॉर्डिंग नाही. गेल्या दिवाळीत तिने कपाटातून एक दोनशेपानी वही काढली. आत सगळं सा रे ग म, टिंबं, रेघा, फुल्या, शून्यं. म्हणाली, "यातल्या तीन चाली माझ्या स्वतःच्या आहेत. आता आवाज लागत नाही. वाचता तर घरात कुणालाच येत नाही. म्हणजे रद्दीच की रे."

ती सहज म्हणाली. पण मला तो शब्द लागला.

पुण्याला परत आलो आणि त्याच रात्री एक ऑनलाइन कोर्स घेतला. नवशिक्यांसाठी, संगीत वाचायला शिका वगैरे. आणि काय केलं असेल? दीडपट वेगाने व्हिडिओ! तीन रात्रींत अकरा धडे उडवले. प्रोग्रेस बार मस्त हिरवा. मग एका कागदावर चार स्वर समोर आले, आणि मी ठार निरक्षर. एकही वाचता येईना. पोहण्याचे अकरा व्हिडिओ पाहून तलावात उडी मारल्यासारखं झालं.

वर आणखी एक गंमत. तो कोर्स होता पाश्चात्त्य पद्धतीचा, स्टाफ नोटेशनचा. आजीची वही होती भातखंडे पद्धतीची. घेण्याआधी मी बघितलंच नव्हतं! पैसे भरले होते, म्हणून पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात केली. आणि खरं सांगतो, ते वाया गेलं नाही. का, ते पुढे येईलच.

स्टाफ म्हणजे पाच आडव्या रेघा आणि मधल्या चार मोकळ्या जागा. टिपका जितका वर, तितका स्वर उंच. म्हणजे तो एक आलेखच आहे : उभ्या दिशेत उंची, आडव्या दिशेत वेळ. सुरुवातीला जे वळणदार चिन्ह असतं ना, ट्रेबल क्लेफ, ते नुसतं शोभेचं नाही. त्याचा वेटोळा खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो आणि सांगतो, ही रेघ 'जी'ची. बाकी सगळं तिथून मोजायचं.

मला तीन गोष्टींनी तारलं. लिहून घ्या.

पहिली. सगळे स्वर एकदम पाठ करू नका. खुणेचे दोनच धरा : दुसऱ्या रेघेवरचा 'जी', आणि पाच रेघांच्या खाली छोट्या जादा रेघेवर बसलेला मधला 'सी'. बाकीचे तिथून पायऱ्या मोजत गाठायचे. रेघ, जागा, रेघ, जागा. नवीन गावात आपण सगळ्या गल्ल्या पाठ करत नाही. स्टँड आणि देऊळ कळलं की पुरतं.

दुसरी. स्वर आणि वेळ वेगवेगळे वाचा. आधी फक्त टाळ्या. चार-चारच्या मापात भरीव गोळ्याला दांडी असेल तर एक ठोका, पोकळ गोळ्याला दांडी असेल तर दोन, पोकळ आणि बिनदांडीचा तर चार. हे हाताला जमलं की मग स्वर. दोन्ही एकदम करायला गेलात तर नेमकं कुठे चुकतंय ते कळत नाही. डीबगिंगचा साधा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदला.

तिसरी. रोज दहा मिनिटं, आणि व्हिडिओ बंद करून. मोबाईल बाजूला, कागद समोर. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा माझं रोजच्या दहा मिनिटांत जास्त पुढे गेलं.

महिन्याभराने मी आजीची वही उघडली. आणि लक्षात आलं, प्रश्न तेच दोन आहेत : कुठला स्वर, आणि किती वेळ? फक्त खुणा वेगळ्या. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली कमान असेल तर तेवढे स्वर एका मात्रेत. एक मोठा फरक मात्र आहे. स्टाफवरचा 'सी' ठरलेला असतो, आपला 'सा' गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो. आजीचा सा काळी चारचा. मी आपला पांढरी एक धरून बसलो होतो.

आता माझे दोन घोळ ऐका. भीमपलासची बंदिश, तीनताल. पहिल्या रकान्याखाली शून्य. प्रोग्रामर माणूस! आमचं मोजणं शून्यापासूनच सुरू होतं, म्हणून मी तिथेच सम धरली. पण ते शून्य म्हणजे खाली, नववी मात्रा. सम म्हणजे फुली. बंदिश खालीपासून उठते आणि आठ मात्रांनी समेवर येते. मी अख्खी बंदिश आठ मात्रा सरकवून वाजवत होतो!

दुसरा घोळ आजीने पकडला. व्हिडिओ कॉलवर की-बोर्डवर वाजवून दाखवत होतो. तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले. "अरे, कोमल ग आहे तो. रेघ दिसत नाही का तुला?" खरंच दिसत नव्हती. वही रेघांची होती, आणि 'ग'खालची कोमलची रेघ छापील रेघेत मिसळून गेली होती. मी पुन्हा वाजवलं. कोमल ग, कोमल नी. ती काही बोलली नाही. हाताने मांडीवर ताल धरला होता. थोड्या वेळाने बारीक, थरथरत्या आवाजात समेवर आली.

फोन ठेवताना म्हणाली, "पुढचं पान उद्या."

आता आमचं रोज रात्री साडेनऊला पान असतं. मी वाचतो, ती चुका काढते. जिथे खुणा पुसट झाल्यात तिथे विचारून नव्याने लिहून ठेवतो, बिनरेघांच्या वहीत. तिच्या तीन चालींपैकी एक पूर्ण झाली, दुसरीचा अंतरा चालू आहे. घाई आहे, कारण कुठला स्वर होता ते आता तिलाही कधीकधी आठवत नाही. मग आम्ही दोघं शांत बसतो आणि दोन-तीन स्वर लावून बघतो.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. आत्याची, मामांची, शेजारच्या काकूंची. नीट बघा, कुठल्या पद्धतीत आहे ते ठरवा, आणि मगच कोर्स घ्या. माझ्यासारखं उलटं करू नका. आज रात्री फक्त पहिली ओळ वाचा. अडलात तर वही लिहिणाऱ्या माणसाला फोन करा. ते माणूस असेपर्यंत करा.

चला, साडेनऊ वाजत आले. मला पान आहे. भेटू पुढच्या भागात!