शिक्षक टिकला तर शाळा टिकेल
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



विहाराच्या कामाचा आढावा आपल्या चिटणीसांनी घेतलाच आहे. आम्हाला शिक्षणावर दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही शिक्षकी पेशात जन्म काढला, तेव्हा दुसरे बोलणार तरी काय? पण आज आम्ही मुलांविषयी नाही, शिक्षकांविषयी बोलणार आहोत.

आपल्या गोडदेवच्या गल्ल्यांत बघा. कोणी कारखान्यात, कोणी बांधकामावर, कितीतरी भगिनी घरकामाला. पुष्कळांची खोली भाड्याची, करार अकरा महिन्यांचा. करार संपला की बिऱ्हाड हलते. अशा घरातल्या मुलाला निदान शाळेत तरी तेच गुरुजी, त्याच बाई वर्षानुवर्षे भेटाव्यात. पण गरीब वस्तीतल्या शाळेत शिक्षक येतो तो बदलीचा अर्ज खिशात घेऊनच, असे आपण म्हणतो. बंधू-भगिनींनो, तो अर्ज आम्ही स्वतः लिहिला आहे.

१९८९ साली आम्हाला पहिली नेमणूक मिळाली. शाळा एका गरीब वस्तीत. वर्ग चार आणि शिक्षक दोन. गावात खोली बघायला गेलो तर आधी आडनाव विचारले, मग खोली नाही म्हणाले. दोन तास जायला, दोन तास यायला. वर्ग कसा सांभाळायचा हे विचारावे तर कोणी नाही. साहेब आले की रजिस्टर बघायचे, शिकवणे कोणी बघत नसे. दोन वर्षांत आम्ही बदली मागून घेतली. तिसरीतली एक मुलगी नुकती वाचायला लागली होती. शेवटच्या दिवशी तिने विचारले, "गुरुजी, उद्या कोणता धडा?" त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते अजून आम्हाला टोचते.

दुसरी शाळाही गरिबांचीच होती. तिथे मात्र आम्ही एकोणीस वर्षे राहिलो. कारण काय? तिथल्या मुख्याध्यापिका बाई आठवड्यातून एकदा मागच्या बाकावर येऊन बसायच्या. तास संपला की चहा पाजून सांगायच्या, इथे मुलांना कळले नाही, उद्या असे करून बघा. शिक्षक गरिबीमुळे पळत नाही, एकटेपणामुळे पळतो, हे आम्हाला तिथे समजले.

ही गोष्ट महात्मा फुल्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा विचार बारकाईने मांडला. शिक्षक शिकून तयार झालेला असावा, शक्यतो कष्टकरी समाजातूनच यावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. ज्याची जास्त मुले पास होतील त्याला पगाराशिवाय भत्ता द्यावा. आणि त्याला गावच्या हिशेबाचे, टपालाचे असे मानाचे कामही द्यावे, म्हणजे गावात त्याची किंमत वाढेल. पगार, तयारी आणि मान, तिन्ही गोष्टी आल्या की नाही?

आज पाहा. २००० साली आपल्या राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२२ पर्यंत महिन्याला सहा हजार रुपये मिळत. २०२३ च्या जानेवारीपासून ते सोळा हजार झाले. सहा हजारात या भागात खोलीचे भाडे तरी भागते का? नव्या शिक्षकाला ज्या वर्षांत आधार हवा, तीच वर्षे त्याने ओढाताणीत काढली. यात बदल करणे सरकारच्या हातात आहे, आणि त्यासाठी आवाज उठवलाच पाहिजे.

पण सगळेच सरकारवर टाकून चालणार नाही. कायदा आपल्या हातात आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रिकाम्या ठेवता येत नाहीत. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. पालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, आणि निम्म्या महिला. मग त्या खुर्चीवर बसून आपण फक्त सही करून यायचे का? किती जागा रिकाम्या आहेत, बाईंना वर्ग सोडून कुठे पाठवले, प्रशिक्षणात त्या काय शिकून आल्या, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शिक्षकाने वर्षाला पन्नास तास स्वतः शिकावे असे म्हटले आहे. ते तास नुसत्या भाषणात जातात की वर्गात उपयोगी पडतात, हेही बघा.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाला केळुसकर गुरुजींनी हेरले. ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक, भीमराव त्यांच्या शाळेतला नव्हे. तरी १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराला ते हजर होते, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला दिले, आणि पुढे बडोद्याच्या मदतीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. मूल असे ओळखायला काळ लागतो. दर दोन वर्षांनी बदलणारा शिक्षक मुलाला ओळखणार कधी?

म्हणून आमची विहाराला तीन कामांची विनंती आहे. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, आसपासच्या शाळांतल्या नव्या शिक्षकांना इथे बोलवा. हारतुरे थोडे कमी चालतील, पण काय अडचण आहे ते विचारा. दुसरे, कोणा शिक्षकाला खोली हवी असेल तर आपल्यातल्या कोणीतरी शोधून द्यावी. आडनाव न विचारता! तिसरे, आपल्या ज्या मुली डी.एड. झाल्या, त्यांनी आपल्याच वस्तीच्या शाळेकडे पाठ फिरवू नये. आणि आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसावे. शाळेने परवानगी दिली तर आम्ही स्वतः सोमवारपासून तयार आहोत.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. इथे बसलेल्या या मुलांपैकी कोणी "उद्या कोणता धडा?" असे विचारले, तर उत्तर द्यायला त्याच बाई उद्या वर्गात असाव्यात, एवढेच मागून आम्ही आमचे दोन शब्द पुरे करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!