वारा कुठून वाहतो, हे गावाला आधीच ठाऊक होते

(पर्यावरण आणि जात या विषयावरील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी काही वर्षे एका पर्यावरण सल्लागार कंपनीत नोकरी केली. मोठ्या इमारतींना मंजुरी मिळावी म्हणून जे कागद तयार होतात, ते मी तयार करत होतो. त्यामुळे आज जे बोलणार आहे, ते आतून पाहिलेले आहे.

माझ्या पहिल्याच साइटला लागून नाल्याकाठी एक वस्ती होती. साठ-सत्तर घरे, एक निळा झेंडा, पत्र्याचे छोटे विहार. मी दोन दिवस साइटवरची झाडे मोजली. प्रत्येक झाडाचे नाव लिहिले, बुंध्याचा घेर लिहिला. माणसे मोजली नाहीत. नकाशावर त्या जागी 'नाल्यालगतचे अतिक्रमण' एवढेच लिहून दिले. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: प्रकल्पामुळे स्थानिक लोकसंख्येच्या रचनेत काही बदल होईल का? वरिष्ठ म्हणाले, 'नाही' लिही. मी लिहिले. मी स्वतः अशाच वस्तीत वाढलो आहे, तरी लिहिले. हे आधी कबूल करतो आणि मग पुढे बोलतो.

मित्रांनो, आपल्याकडे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना पहिल्यांदा 1994 साली आली. सध्याची 14 सप्टेंबर 2006 ची आहे. तिच्यानुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या पुढे गेले की तो टाउनशिपचा प्रकल्प होतो. राज्य पातळीवरची तज्ज्ञ समिती कागद तपासते आणि राज्य प्राधिकरण मंजुरी देते. हे कागद तयार करणाऱ्या सल्लागाराचे पैसे कोण देतो? बिल्डरच देतो. आणि खाणीला, धरणाला, कारखान्याला जी जनसुनावणी लागते, तिच्यातून याच अधिसूचनेने इमारतींना आणि टाउनशिपना सूट दिली. म्हणजे शेजारच्या वस्तीला कोणी विचारायचेच नाही, ही सोय कायद्यातच आहे.

आता जरा मागे जाऊ. जुन्या गावाची रचना आठवा. वारा कोणत्या बाजूने येतो, पाणी कोणत्या बाजूला उतरते, हे पाहूनच महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर ठरायचा. वरचे पाणी त्यांचे, खालचे आपले. स्वच्छ हवा त्यांची, मेलेल्या जनावरांचा वास आपला. परिणामांचे मूल्यांकन या देशात नवे नाही. परिणाम कोणाच्या अंगावर ढकलायचे, याचा हिशेब शतकानुशतके पक्का होता. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा याच हिशेबाला हात घातला होता.

शहरात हा हिशेब संपला का? मुंबईचे माहुल पाहा. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये सांगितले. त्यानंतर 2017 मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो माणसे तिथल्याच इमारतींत पाठवली गेली. लोक आजारी पडले, रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. शेवटी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की तिथे आता कोणाला पाठवू नका, त्यांना दुसरीकडे राहायला भाडे द्या.

चेन्नईत तेच. कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठची घरे 'जलस्रोतावरचे अतिक्रमण' म्हणून हटवली. त्यात मोठ्या संख्येने दलित कुटुंबे होती. त्यांना शहराबाहेर कन्नगी नगर, सेम्मनचेरी, पेरुंबक्कम इथे नेले. हा भाग पल्लिकरणै पाणथळीच्या पट्ट्यातला, पावसाळ्यात पाणी तुंबणारा. याच पाणथळीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. तिच्या पट्ट्यात आयटी कंपन्यांच्या इमारतीही उभ्या आहेत, पण त्यांना कोणी अतिक्रमण म्हणत नाही. पुरापासून वाचवतो म्हणून उचललेल्या माणसांना पुन्हा पुराच्याच जागी नेऊन ठेवले.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती फॉर्म भरताना माझ्या लक्षात आली नव्हती. मोठ्या गृहसंकुलाला मंजुरी देताना सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट असते. रोज किती हजार लिटर मैला येणार, किती पाणी बागेला वापरणार, सगळे विचारतात. त्या टाकीत उतरणार कोण, हे कोणी विचारत नाही. हाताने मैला साफ करण्यावर 2013 चा कायदा बंदी घालतो. तरी सोसायट्यांच्या टाक्यांत गुदमरून माणसे मरतात आणि ती कोणत्या जातींची असतात, हे इथे सांगायची गरज नाही. अशा मृत्यूंची भरपाई 30 लाख करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. संकुल 'ग्रीन' ठरते, झाडे वाढतात, पाणी वाचते. आपला माणूस मात्र त्या हिशेबात येत नाही.

मग पर्यावरणाचा मुद्दा सवर्णांवर सोडून द्यायचा का? अजिबात नाही. हवा, पाणी, जमीन हे आपल्याच जगण्याचे प्रश्न आहेत. फक्त आपण कागद वाचायला शिकले पाहिजे. 2020 मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी-हिंदीतच आला होता. तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्याला भाषा कळत नाही त्याची हरकतही नोंदली जात नाही.

म्हणून तीन कामे सांगतो. तुमच्या वस्तीजवळ मोठे बांधकाम निघाले की 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर त्याचा अर्ज शोधा. वस्तीच्या जागी काय लिहिले आहे ते पाहा. खोटे असेल तर पुराव्यासह राज्य समितीला लिहा. दुसरे, मंजुरीची प्रत नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला 30 दिवस लावावी लागते, ती मागा. मंजुरीविरुद्ध हरित लवादात अपील करायला 30 दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी 60. तिसरे, बिल्डरला दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो वाचा. आणि संघटना म्हणून मागणी करा की इमारतींनाही जनसुनावणी लावा, बाधितांची जातवार नोंद घ्या, टाकी यंत्राने साफ होईल याची लेखी हमी मंजुरीतच घ्या.

त्या नाल्याकाठी मी नंतर एकदा गेलो. वस्ती नव्हती. मी मोजलेल्या झाडांपैकी काही मात्र उभी होती. त्यांच्या खोडांवर पत्र्याचे नंबर होते. माझ्या यादीत त्या साठ-सत्तर घरांनाही नंबर असते, तर कोर्टात दाखवायला एक कागद तरी असता. तो कागद पुढच्या वस्तीकडे असावा, एवढ्यासाठी मी आज इथे आलो.

जय भीम, जय भारत.