परगावचं गिऱ्हाईक



औषधांच्या दुकानापलीकडे मला फारसं ठाऊक नाही, म्हणून दुकानाबद्दलच बोलतो. मनाच्या आजारावरच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे येतात ती बहुतेक परगावची माणसं. चिठ्ठी घडी करूनच पुढे सरकवतात. गोळ्यांचा खोका काउंटरवर टाकून नुसत्या पट्ट्या खिशात घालतात. आपल्या गावचे लोक कुठून आणतात? अर्थात, दुसऱ्या गावाहून! मधुमेहाच्या गोळ्या घेताना मात्र हीच मंडळी साखरेचा आकडा चारचौघांत सांगतात.

वर्गात कुणी जरा वेगळं वागलं की ‘येरवड्याला पाठवा रे याला’ हे ठरलेलं वाक्य होतं. ठाणेकरांच्या वाट्याला ठाणं यायचं. आज पन्नाशीत आपल्यातल्याच एखाद्याला रात्र रात्र झोप लागत नसेल, तर डॉक्टरच्या दाराशी त्याला तेच वाक्य आठवत असणार. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्याला डॉक्टरांची टंचाई हेही कारण आहे, पण लाज काही कमी नाही.

दुकानदार म्हणून एकच सांगतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका.

आणि सरकारचा ‘टेली मानस’चा नंबर आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फळ्यावर लिहून ठेवलाय. मोबाइलमध्ये हव्या त्या नावाने साठवा.