येत्या दिवसाची भाकर

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीला 'एपिऊसिऑस' हे ग्रीक विशेषण लावले आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाला हा शब्द ना ग्रीक ग्रंथकारांत आढळला, ना लोकांच्या बोलण्यात. मराठी बायबलमध्ये त्या जागी 'रोजची' आहे. पण ही प्रार्थना मत्तय आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत येते, आणि लूक त्याच वाक्यात 'दररोज' अशा अर्थाचे निराळे शब्द योजतो; विशेषणही तेच सांगत असेल, तर ती नुसती द्विरुक्ती ठरते. चौथ्या शतकात जेरोमने बायबलच्या लॅटिन भाषांतरात लूककडे 'रोजची' ठेवली आणि मत्तयाकडे मात्र 'द्रव्यापलीकडची' असे लिहिले, इतका हा शब्द अवघड. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात याच्या जवळचा 'एपिऊसा' हा शब्द दुसऱ्या दिवसासाठी येतो. म्हणून 'येत्या दिवसाची' हा अर्थ मला सर्वांत सयुक्तिक वाटतो.

यावर आक्षेप असा की, उद्याची चिंता करू नका असे येशूच मत्तयाच्या त्याच अध्यायात, या प्रार्थनेनंतर, सांगतो. पण मागणे म्हणजे चिंता करणे नव्हे. मागून झाल्यावरच माणूस निश्चिंत होतो. शिवाय हातावर पोट असणाऱ्याला उद्याची भाकर ही साठवण नव्हे, ती निकडच असते. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायातल्या दाखल्यात मजुरांना मजुरी मिळते ती संध्याकाळी; म्हणजे तिच्यातून येते ती उद्याचीच भाकर.