मस्तकावरील जखम आणि शुश्रूषेचे हात

डोक्यास जबर मार लागला अथवा मेंदूत गाठ वाढली, म्हणजे पाथर्डीच्या रोग्यास सुमारे ५० किलोमीटरांवरील अहिल्यानगर, नाही तर त्याहून दूरचे पुणे गाठावे लागते. शस्त्रक्रिया पार पडते, रोगी माणसे ओळखू लागतो, घरी साखर वाटली जाते. आणि मग एके दिवशी ताप चढतो, डोके असह्य दुखते, रोगी पुन्हा गुंगीत जातो. शस्त्रक्रियाच फसली, असे घरच्यांस वाटते. परंतु अशा वेळी निराळे एक कारण आधी तपासावे लागते. ते म्हणजे मेंदूच्या आवरणांचा जंतुजन्य दाह.

मेंदूभोवती तीन आवरणे असून त्यांच्यामध्ये पाण्यासारखा निर्मळ द्रव खेळत असतो. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी तेथे फार थोड्या असतात आणि औषधेही तेथे सहज पोहोचत नाहीत. कवटी उघडल्यावर, किंवा साचलेला द्रव काढण्यासाठी नळी ठेवल्यावर, या किल्ल्याला एक वाट पडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यानुसार कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा ०.८ ते १.५ रोग्यांस, तर बाहेर काढलेल्या नळीमुळे शेकडा सुमारे ८ रोग्यांस हा दाह होतो. श्वासावाटे पसरणारी साथ ती निराळी. येथील जंतू बहुधा रोग्याच्या त्वचेवरचे किंवा रुग्णालयातले असतात, आणि त्यांतील कित्येक नेहमीच्या औषधांस दाद देत नाहीत.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १८६५ मध्ये ग्लासगोस लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले. त्याच नगरात त्यांचे शिष्य मॅकिवेन यांनी १८७९ मध्ये मेंदूच्या आवरणावरील गाठ काढून रोगी वाचविला. कवटी निर्भयपणे उघडता येऊ लागली ती या स्वच्छतेच्या बळावर. म्हणूनच खाटेपाशी येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो वा मामा-मावशी असो, आधी हात धुवावेत. मोहट्याच्या देवीचा अंगारा श्रद्धेने आणलेला असतो. तो उशाशी राहू द्यावा, टाक्यांना लावू नये.

या रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत दाह दुसऱ्या आठवड्यानंतर प्रकट होतो. म्हणजे रोगी पाथर्डीस परतलेला असतानाही तो उद्भवू शकतो. तेथे पहारा घरच्यांचाच. नाकातून वा जखमेतून पाण्यासारखा द्रव ठिबकला, तर ती सर्दी मानू नये. ताप, मान ताठणे, बरळणे, वाढती झोप यांपैकी काही दिसताच, शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाशी त्याच दिवशी संपर्क साधावा. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यामुळे पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू सापडेनासे होतात आणि योग्य औषध निवडणे कठीण जाते. पाठीतून पाणी काढल्याने माणूस लुळा होतो, ही समजूत निराधार आहे. त्या भीतीने घरच्यांनी संमती लांबविली, तर रोग्याच्या हातचे मोलाचे तास जातात.

कुशल शस्त्रवैद्य रोग्यास मृत्यूच्या दारातून परत आणतो. पुढली राखण मात्र अनेक हातांवर सोपविलेली असते, आणि ते हात स्वच्छ असावे लागतात.