पावसाचा खाडा



मुंबईसारख्या शहरांत नवराबायको दोघेंहि नोकरीवर जाणारीं असलीं, म्हणजे घराचा डोलारा एका तिसऱ्या व्यक्तीवर उभा असतो. ती व्यक्ति म्हणजे मूल सांभाळणारी बाई. ती वेळेवर आली तर दोन कचेऱ्यांचीं कामें सुरळीत चालतात. न आली तर दोघांपैकीं एकाला रजा काढावी लागते. एरवीं वर्षभर हा व्यवहार बिनबोभाट चालतो. पण पावसाळ्यांत असे चारदोन दिवस येतात कीं, गाड्या बंद पडतात, रस्त्यांवर गुडघाभर पाणी चढतें आणि बाई येत नाहीं. मग पगाराच्या वेळीं प्रश्न निघतो : ह्या दिवसांचा खाडा धरावयाचा कीं नाहीं? आज ह्याच प्रश्नाचा आपण विचार करूं.

प्रथम खाडा म्हणजे काय तें पाहूं. कामावर येणें शक्य असतांना जो येत नाहीं, त्याचा खाडा धरणें न्याय्य आहे. पण वाटच बंद झाली असेल तर? २ जुलै २०१९ रोजीं मुंबईंत अतिवृष्टि झाली, तेव्हां सरकारनें सार्वजनिक सुटी जाहीर केली. त्या सुटीबद्दल सरकारी नोकरांचा पगार कापला गेला नाहीं. मी स्वतः शाळामास्तर होतों. पावसानें शाळा बंद राहिली म्हणून माझ्या पगारांतून कधीं एक पैसाहि कमी झाला नाहीं. जो पाऊस साहेबाला सुटी देतो, त्याच पावसानें बाईला खाडा कां द्यावा?

कोणी म्हणतात, “आमच्या बाजूला तर विशेष पाऊस नव्हता.” ह्यांना २६ जुलै २००५ ची आठवण द्यावीशी वाटते. त्या दिवशींच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरांत, त्याच दिवशीं, कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. तेव्हां आपल्या खिडकींतून दिसणाऱ्या पावसावरून बाईच्या वस्तींतील पाण्याचा अंदाज करणें व्यर्थ होय. शिवाय ह्या शहराचें पावसाचें पाणी समुद्रांतच जावयाचें असतें. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळीं आले, म्हणजे त्याला वाट मिळत नाहीं आणि सखल भाग पाहतां पाहतां भरून जातात. सकाळीं कोरडा असलेला रस्ता दुपारीं बुडालेला असतो.

आतां पैशांचा हिशेब करूं. समजा, बाईचा पगार महिना १२,००० रुपये आहे. तीस दिवसांनीं भागिलें तर दिवसाचे ४०० रुपये होतात. तीन दिवसांचा खाडा धरला तर १,२०० रुपये. आपल्या घरीं एवढी रक्कम एका संध्याकाळच्या हॉटेलांत खर्च होते. तिच्या घरीं तें महिन्याच्या किराण्याचे पैसे असतात. पण खरें नुकसान ह्याहून मोठें आहे. खाड्याच्या भीतीनें ती पाण्यांतून वाट काढीत निघते. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं एक नामांकित डॉक्टर तुंबलेल्या रस्त्यानें घरीं चालत जात असतां उघड्या गटारांत पडून वाहून गेले. सुशिक्षित, जाणत्या माणसाची जेथें ही गत झाली, तेथें चारशें रुपयांसाठीं एका स्त्रीला घराबाहेर काढण्याचें पाप आपण कां घ्यावें?

“अशी सवलत दिली तर बाया थेंब पडला कीं घरीं बसतील,” हा आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. पण विचार करा. आपलें मूल आपण दिवसाचे नऊ तास तिच्या हवालीं करितों. तें जेवलें कीं नाहीं, पडलें कीं काय, ह्याबद्दल तिच्याच शब्दावर विसंबतों. तिच्या हातीं मूल सोंपवितां येतें आणि पावसाविषयींच्या तिच्या शब्दावर मात्र विश्वास ठेवतां येत नाहीं, हें कसें?

मात्र नुसत्या सद्भावानें व्यवहार चालत नाहीं. मुसळधार पावसांत फोनवर वाद घालण्यापेक्षां, मृग लागण्यापूर्वींच शांतपणें बसून चार गोष्टी ठरवाव्या.

पहिली : हवामान खात्याची तांबडी सूचना असेल किंवा गाड्या बंद असतील, त्या दिवशीं बाईला बोलावूं नये आणि खाडाहि धरूं नये. त्याच्या बदल्यांत रविवार मागूं नये.

दुसरी : नारिंगी सूचना असेल तर सकाळीं ठराविक वेळेच्या आंत तिनें फोन करावा. ही जबाबदारी तिची. पण वाट चालण्याजोगी आहे कीं नाहीं, हा निर्णयहि तिचाच. उशीर झाला तर तो मोजूं नये.

तिसरी : ती आली असतां पाऊस वाढला, तर भरतीची वेळ पाहून तिला लौकर घरीं पाठवावें. त्यासाठीं आईनें किंवा बापानें कचेरींतून आधीं निघावयास हवें. तें कोणीं, हेंहि ठरलेलें असावें. ती अडकलीच, तर कोरडे वस्त्र, जेवण, निजण्यास नीट जागा आणि त्या रात्रीचे वेगळे पैसे द्यावे. तिचींहि मुलें घरीं वाट पाहत असतात. त्यांना निरोप पोंचविणें हें पहिलें काम.

चौथी : शेजारच्या एखाद्या कुटुंबाशीं बोलून ठेवावें. आज तुमचें मूल त्यांच्याकडे, उद्यां त्यांचें तुमच्याकडे, अशी सोय असली म्हणजे सारा भार एकट्या बाईवर पडत नाहीं.

महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीं झाला. आपल्या बाईची तेथें नोंदणी झाली आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी अवश्य करावी. परंतु पावसाच्या दिवसाचा खाडा धरावा कीं धरूं नये, हें तो कायदा सांगत नाहीं. तें घराघरांतच ठरावयाचें आहे. महिन्याचा पगार हा केवळ हजर दिवसांचा मोबदला नव्हे. दुसरें घर न धरतां ती वर्षभर आपल्या मुलासाठीं बांधून राहते, त्याचाहि तो मोबदला आहे. हें एकदां मनांत ठसलें, म्हणजे पावसाच्या चार दिवसांचा हिशेब आपोआप सुटेल.